बेस कॅबमधला उडालेला स्पीकर बदलताना: आधी मीटर लावा, मग पैसे काढा

बेस गिटारच्या कॅबमधला (स्पीकर बसवलेल्या डब्यातला) एक स्पीकर गेला की बहुतेक जण मागचं स्टिकर बघतात, "१० इंची, २०० वॅट" एवढंच लक्षात ठेवतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत जाऊन त्याच साइजचा, जमलं तर जास्त वॅटचा, स्पीकर उचलून आणतात. बसतो तो. आवाजही येतो. मग थोड्याच शोमध्ये शेजारचा स्पीकर जातो, किंवा अँप तापून बंद पडतो, किंवा काहीच बिघडलेलं दिसत नाही पण खालच्या स्वरांचा दम गेलेला असतो आणि बिचारा बेसिस्ट ईक्यू फिरवत बसतो. काम अवघड अजिबात नाहीये, फक्त लोक ते उलट्या क्रमाने करतात, खरेदी आधी आणि मोजमाप नंतर.

खाली मी उदाहरण म्हणून ४×१० कॅब धरलाय, पुढून स्क्रूने बसवलेले ८ ओहमचे १० इंची चार स्पीकर, पोर्ट (हवा जायला ठेवलेलं भोक) आहे आणि वर एक छोटा हॉर्न (तीव्र स्वरांचा स्पीकर) आहे. तुमचा १×१५ किंवा २×१० असेल तरी क्रम हाच.

## सामान आधी जमवा

मल्टिमीटर (२०० ओहमची रेंज असलेला, साधा चालतो), १.५ व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि वायरचे दोन तुकडे, स्क्रूच्या डोक्यात नीट बसेल असा स्क्रू ड्रायव्हर किंवा अॅलन की, पक्कड, रंगारी वापरतात तशी पुट्टीची पातळ पट्टी, मार्कर, मास्किंग टेप, जाड पुठ्ठा, दरवाज्याला लावतात ती फोमची टेप, फेव्हिकॉल आणि टूथपिक. सोल्डरिंग आयर्न लागेलच असं नाही, पण काही कॅबमध्ये वायरी थेट सोल्डर केलेल्या असतात म्हणून जवळ असू द्या.

इलेक्ट्रिक ड्रिल मात्र लांब ठेवा, का ते पुढे येईलच.

सावध: अँप व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असेल तर स्पीकर न जोडता तो चालू करायचा नाही, अगदी "फक्त बघतो" म्हणून पण नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

## १. खरंच स्पीकरच गेलाय का?

फाटका, भरभर आवाज आला म्हणजे स्पीकर फाटला असं लगेच धरू नका.

आधी केबल बदला. बदललेली केबल स्पीकर केबलच पाहिजे, गिटारची केबल दोन्ही टोकांना तशीच दिसते पण आतली तार बारीक असते, ती तापते. मग हाच अँप दुसऱ्या कॅबला आणि हाच कॅब दुसऱ्या अँपला लावून बघा. त्यानंतर मागचा हॉर्नचा नॉब पूर्ण बंद करा. खरखर थांबली तर तुमचे चारही १० इंची ठणठणीत आहेत आणि तक्रार हॉर्नची आहे.

आता E च्या तारेवरून एकेक फ्रेट वर जात सावकाश वाजवा. एखाद-दुसऱ्याच सुरावर खडखडतंय का? मग बहुतेक वेळा जाळी, हँडल, चाक, पोर्टचा पाइप किंवा आत सुटलेली एखादी वायर हलतेय, त्या सुरावर हाताने दाबून बघत गेलात तर सापडतं. सगळ्याच सुरांवर खरवडल्यासारखा आवाज असेल तर मात्र कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय.

याची खात्री हाताने करता येते. जाळी काढा, मधल्या गोल टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन (पुढे दिसणारा हलणारा पडदा) अगदी सरळ, हळूच आत दाबा आणि कान जवळ न्या. चांगला स्पीकर मऊ, बिनआवाजाचा जातो आणि परत येतो. कॉइल जळून फुगली असेल तर कागदावर वाळू सरकल्यासारखी खरखर बोटांना लागते. दाब एकाच बाजूने दिलात तर चांगला स्पीकरही घासतो, म्हणून दोन्ही हातांनी सारखं दाबायचं.

इथे तपासा: कोन दाबल्यावर किंवा हलवल्यावर आवाज येतो-जातो असं होत असेल तर कोनपासून टर्मिनलपर्यंत जाणारी विणलेली लवचिक वायर तुटत आलेली असू शकते. ती चांगला कारागीर बदलून देतो, आख्खा स्पीकर टाकायची गरज नाही. गोव्यात आणि कोकणात खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवी पडतात, तेही याच वेळी बघून घ्या. नुसती साफ करून घट्ट बसवली की मेलेला स्पीकर जिवंत झालेला पाहिलाय मी.

## २. मीटरने मोजा, आणि वायर सोडवून मोजा

कॅबच्या जॅकवर मीटर लावा. मीटर जे दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स, तो स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा कमीच येतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५ च्या आसपास. मीटरच्या दोन वायरी एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो यातून वजा करा, स्वस्त मीटरमध्ये तो अर्धा ओहम सुद्धा असतो.

इथेच मोठी चूक होते. आपल्या ४×१० मध्ये दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडून त्या दोन जोड्या पॅरलल (समांतर) केलेल्या आहेत, म्हणून एकूण ८ ओहम. एका स्पीकरची कॉइल तुटली की त्या जोडीतला दुसरा, अगदी चांगला असलेला, स्पीकर पण गप्प होतो कारण रस्ताच तुटला. लोक म्हणतात दोन गेले आणि दोन विकत आणतात. जॅकवर ६ च्या ऐवजी १२ ओहमच्या आसपास दिसत असेल तर आधी हीच शंका घ्या.

म्हणून प्रत्येक स्पीकरची निदान एक वायर सोडवा (त्यासाठी स्पीकर बाहेर काढायची रीत टप्पा ६ मध्ये आहे) आणि मग त्याच्या दोन टर्मिनलवर मोजा. वायर न सोडवता मोजलंत तर शेजारचे स्पीकर मध्ये येऊन भलताच आकडा दाखवतात. चारही आकडे टेपवर लिहून त्या-त्या स्पीकरला चिकटवा. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, बाकीच्यांपेक्षा आकडा बराच कमी असेल तर आतून शॉर्ट आहे. हॉर्नवर असं मोजताना लक्षात ठेवा, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे जॅकवरून हॉर्न मीटरला दिसतच नाही, थेट त्याच्या टर्मिनलवर मोजावं लागतं.

आणि जॅकवरच्या एकूण आकड्यावरून आतल्या स्पीकरचा ओहम ठरवू नका. ४ ओहमच्या ४×१० मध्ये १६ ओहमचे चार पॅरललमध्ये असू शकतात किंवा ४ ओहमचे चार सिरीज-पॅरललमध्ये असू शकतात, बाहेरून दोन्ही सारखेच. अँपेगच्या एसव्हीटी ८×१० मध्ये तर एकेक स्पीकर ३२ ओहमचा असतो, आठ पॅरलल होऊन ४ ओहम होतात. त्यात कोणी "८ ओहमचा मिळाला" म्हणून तो टाकला तर कॅब ३ ओहमच्या खाली येतो आणि तो नवा एकटा स्पीकर बाकी प्रत्येकाच्या चौपट पॉवर खातो.

## ३. का गेला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. सुटलेला स्पीकर हातात घ्या आणि नीट बघा. जळका वास, कॉइल काळी, घासतेय: म्हणजे पॉवर जास्त वेळ जास्त गेली, किंवा अँप क्लिप होत होता (ताकदीपलीकडे ताणल्याने आवाज चिरडत होता). कोन फाटलाय, कडेचा सराउंड (लवचिक पट्टी) उसवलाय, मागचा स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी चकती) सुटलाय पण मीटर ठीक दाखवतोय: म्हणजे कोन त्याच्या मर्यादेपलीकडे हलला. दुसरं नुकसान पाच तारांच्या बेसवर फार होतं. खालच्या B चा मूळ सूर ३१ हर्ट्झच्या आसपास, E चा ४१. पोर्टवाला कॅब ज्या सुराला ट्यून केलेला असतो त्याच्या खाली गेलं की आतली हवा कोनला आवरत नाही, आणि मग वॅटच्या मर्यादेत असून पण कोन मोकाट हलतो. वरून बेसचा नॉब पूर्ण फिरवलेला असेल तर काही विचारूच नका.

तिसरी शक्यता म्हणजे अँपच डीसी (एकाच दिशेची वीज) सोडतोय. सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) अँप असेल तर स्पीकर काढून ठेवा, इनपुटला काही लावू नका, व्हॉल्यूम शून्यावर, आणि अँप चालू करून आउटपुटच्या + आणि − मध्ये डीसी मिलिव्होल्टवर मोजा. काही दहा मिलिव्होल्ट दिसणं ठीक. १०० च्या पुढे असेल तर आधी टेक्निशियनला दाखवा, आणि पूर्ण व्होल्टमध्ये आकडा येत असेल तर त्या अँपला कुठलाच स्पीकर जोडायचा नाही, नवा पण तसाच जळेल.

सावध: क्लास डी हलक्या अँपमध्ये आउटपुटच्या दोन्ही टोकांवर जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज असू शकतं. म्हणून चासीला मीटर टेकवून नाही, स्पीकरच्या दोन टोकांमध्येच मोजायचं, आणि त्यातलं कुठलंही टोक चासीला लागू द्यायचं नाही.

## ४. कोन भरून घ्यायचा की नवा?

कंपनीचं रिकोन किट (नवा कोन आणि कॉइल भरायचं सामान) मिळत असेल आणि बास्केट (स्पीकरचा धातूचा सांगाडा) सरळ असेल तर रिकोन उत्तम, बाकीच्या तिघांशी जुळणारा तोच एक रस्ता राहतो. पण जिथे डीजेचे स्पीकर भरून मिळतात तिथे दुकानात जो कोन आणि जी कॉइल पडलीये ती टाकून देतात. माणूस कारागीर चांगला असतो, पण कोनचं वजन, स्पायडरची ताठरता, कॉइलची लांबी यातलं काहीही बदललं की तो तुमच्या कॅबसाठी वेगळाच स्पीकर झाला. भरायला देताना "किती ओहमची कॉइल टाकणार" हे विचारा आणि घेताना तिथेच मीटर लावून मोजा. एवढं करून सुद्धा मी ४×१० मध्ये असा एक भरलेला आणि तीन मूळ असं मिसळणार नाही.

## ५. नवा स्पीकर निवडताना या क्रमाने बघा

ओहम. जुना होता तोच, यात तडजोड नाही. आपल्या ४×१० मध्ये एका जागी ८ च्या ऐवजी ४ ओहमचा टाकला तर काय होतं ते बघा: आधी प्रत्येकाला समजा १०० वॅट जात होते, आता अँपचं व्होल्टेज तेवढंच असेल तर नव्याच्या जोडीतल्या जुन्या ८ ओहमवाल्याला जवळपास १७८ वॅट जातात. नवा मजेत राहतो आणि शेजारचा जळतो. दोन-चार शोमध्ये शेजारचा जातो तो असा.

तो बेसचाच आहे का. लीड गिटारचे १० आणि १२ इंची स्पीकर दिसायला अगदी सारखे आणि स्वस्तही मिळतात, पण त्यांचा कोन थोडासाच हलायला बनवलेला असतो. बेसवर ते टिकत नाहीत. डेटाशीटवर एक्समॅक्स नावाचा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, कोन एका बाजूला किती हलला तरी नीट वाजेल तो. जुन्यापेक्षा कमी एक्समॅक्सचा घेऊ नका.

तो या डब्याचा आहे का. थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून जे आकडे असतात त्यातले एफएस (स्पीकर स्वतःहून ज्या सुराला डोलतो तो), क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलेलं आहे) आणि व्हीएएस (कोनच्या लवचिकतेएवढी हवा) जुन्याच्या जवळ पाहिजेत. जुन्याचे मिळत नसतील तर डब्याचा आतून लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून १००० ने भागा, लिटर आले, आणि विनआयएसडी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नवीन स्पीकर त्या लिटरमध्ये कसा वागतो ते बघा. ४×१० मध्ये आत फळ्या घालून कप्पे केलेले असतील तर एका कप्प्याचे लिटर आणि त्यातलेच स्पीकर धरायचे. ढोबळ मानाने पोर्टवाल्या डब्याला क्यूटीएस ०.४ च्या आसपास किंवा त्याखालचा आणि बंद डब्याला त्याहून थोडा जास्त चालतो. हे अंदाजाने ठरवलं की लो एंड गायब होतो, आणि मग ईक्यूने तो परत येत नाही.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर किती जोरात वाजतो ते. बाकीच्यांपेक्षा ३ डीबीने कमी असेल तर त्यांच्या बरोबरीला यायला त्याला दुप्पट पॉवर लागेल, जी त्याला मिळणार नाही. मग तो नुसता जागा अडवून बसतो.

माप. १० इंची म्हटलं तरी भोकाचा व्यास, स्क्रूंची जागा (४ की ८) आणि मागची खोली कंपनीप्रमाणे बदलते. मोठा मॅग्नेट आतल्या आडव्या फळीला अडतो, हे घरी आणल्यावर कळण्यापेक्षा आधी मोजलेलं बरं.

वॅट सगळ्यात शेवटी. वॅटचा आकडा म्हणजे कॉइल किती उष्णता सहन करेल तो. जोरात वाजेल की नाही, खाली जाईल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

तोच स्पीकर मिळतच नसेल तर एकच वेगळा टाकण्यापेक्षा चारही एकसारखे बदला. खर्च आहे, मान्य, पण तीन जुने चांगले स्पीकर सुटे विकले जातात किंवा राखून ठेवता येतात.

## ६. जुना काढताना

कॅब पाठीवर आडवा झोपवा, खाली सतरंजी टाका. उभ्या कॅबमधून काढायला गेलात तर शेवटचा स्क्रू निघताच स्पीकर खाली येतो, आणि १५ इंची फेराइट मॅग्नेटवाला चांगलाच जड असतो.

1. जाळी काढा. काही वेल्क्रोवर असतात, काही कडेच्या स्क्रूवर. ओढून बघण्याआधी स्क्रू शोधा.
2. प्रत्येक स्पीकरवर वरची बाजू मार्करने खुणा करून ठेवा.
3. कोनवर पुठ्ठा ठेवा. मॅग्नेट स्क्रू ड्रायव्हरचं टोक खेचून घेतो आणि कोनला भोक पडतं, तेही बहुतेक वेळा शेजारच्या चांगल्या स्पीकरला.
4. स्क्रू समोरासमोरचे सोडवत जा, एक-दोन थोडे अडकलेले ठेवा आणि कड हळूच सुटतेय का ते बघा.
5. गॅस्केट (स्पीकरची कड आणि लाकडातली फट बंद करणारी पट्टी) चिकटलेलं असतं. पुट्टीची पट्टी कडेखाली चपटी सरकवत गोल फिरवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत तर लाकडाचा कोपरा उडतो किंवा बास्केट वाकतो.
6. बाहेर ओढण्याआधी थोडा उचला, टॉर्च मारा आणि वायरींचे फोटो काढा. कुठली वायर कुठल्या टर्मिनलला, दोन स्पीकरमधला जोड कुठून कुठे जातो, सगळं. वायरीच्या रंगावर विसंबू नका, लाल म्हणजे + असं सगळ्याच कारखान्यांनी पाळलेलं नसतं.
7. टर्मिनलवरची क्लिप पकडीने धरून सरळ ओढा. वायर धरून ओढली तर वायर तेवढी हातात येते.

इथे तपासा: आतलं फोमचं किंवा लोकरीसारखं अस्तर निघालं असेल तर आत्ताच परत चिकटवा. ते कचरा म्हणून काढून टाकू नका.

## ७. नवा बसवताना

आधी सेलची चाचणी, टेबलावरच. सेलचं + स्पीकरच्या + ला आणि − ला − क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये नेमकं उलटं असतं, म्हणून जुना आणि नवा दोन्ही तपासून मगच वायर ठरवा. दुकानदाराने सांगितलेलं नको, सेलने दाखवलेलं पाहिजे.

मग जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून भोकाची कड साफ करा. नव्या स्पीकरला मागून गॅस्केट नसेल तर फोमची टेप कडेने सलग लावा, जोड जिथे येतो तिथे फट राहू देऊ नका.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, जास्तीच्या मोडा आणि रात्रभर वाळू द्या. नवीन भोकं पाडायची वेळ आली तर स्पीकर आधी खोलीबाहेर ठेवा, भोकं पाडा, सगळा भुसा आणि लोखंडाची कीस झाडून काढा, मगच स्पीकर आणा. मॅग्नेटच्या फटीत गेलेली कीस परत निघत नाही.

क्लिप बसवताना घट्ट बसली पाहिजे. टर्मिनलची रुंदी वेगळी असेल तर क्लिप बदला, नुसती दाबून वाकवून ठेवली की थरथरीने सुटते. वायर कोनला किंवा विणलेल्या लवचिक वायरीला टेकत नाही ना, तेही बघा.

आता स्क्रू. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक् करून बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा. आधी सगळे हाताने टेकवा आणि मग समोरासमोर थोडे-थोडे आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. एक पूर्ण आवळून मग पुढच्याकडे गेलात तर बास्केट पिळवटतो आणि नवीन कोऱ्या स्पीकरची कॉइल घासायला लागते. गॅस्केट थोडं दबलं की थांबा. ड्रिल लांब ठेवायला सांगितलं ते यासाठी, एक तर जास्त आवळलं जातं, आणि टोक सटकलं तर सरळ कोनमधून आरपार.

इथे तपासा: आवळल्यावर परत कोन दोन्ही हातांनी दाबून बघा. आता घासत असेल आणि टेबलावर घासत नव्हता तर स्क्रू सैल करून पुन्हा आवळा.

## ८. अँप जोडण्याआधी आणि नंतर

जॅकवर मीटर लावा. आपल्या ४×१० मध्ये ६ च्या आसपास आकडा यायला हवा. १२ आला तर एक जोडी सुटलीये, ३ किंवा त्याहून कमी आला तर वायरिंग चुकलंय, अँप लावू नका.

मग सेल परत, या वेळी जॅकवर. + टोकाला, म्हणजे स्पीकॉन (पिळून बसवायचा स्पीकर कनेक्टर) असेल तर १+ आणि साधा जॅक असेल तर टिप. चारही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक जरी उलटा हलला तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. उलट्या जोडलेल्या स्पीकरने लगेच काही जळत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने तशीच राहते, फक्त आवाज पातळ होतो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

आता अँप, अगदी कमी आवाजात. फोनवरच्या टोन जनरेटर अॅपमधून ३० ते १०० हर्ट्झ हळूहळू फिरवा आणि हात स्पीकरच्या कडेने फिरवा. फुस् अशी हवा लागली किंवा शिट्टी आली तर गॅस्केटला फट आहे. पोर्टवाल्या कॅबमध्ये एक जागा अशी येते जिथे कोन जवळजवळ स्तब्ध होतात आणि पोर्टमधून हवा जोरात येते, ते त्या डब्याचं ट्यूनिंग. तिरप्या उजेडात बघा, चारही कोन त्याच जागी शांत झाले पाहिजेत. एकच कोन तिथे जास्त थरथरतोय तर तो बाकीच्यांशी जुळत नाहीये.

पहिले काही तास मध्यम आवाजात वाजवा, नवा सराउंड आणि स्पायडर ताठ असतो तो मोकळा होतो, त्याआधी टोनबद्दल मत बनवू नका. अँपमध्ये किंवा पेडलमध्ये हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचे सूर कापणारा) असेल तर ३० ते ३५ हर्ट्झवर लावून टाका, B ची तार असली तरी लावा, आपण ऐकतो तो जोर बराचसा त्याच्या वरच्या हार्मोनिकमध्ये असतो. आणि दोन-तीन शो झाले की जाळी काढून स्क्रू हाताने परत एकदा तपासा, गॅस्केट बसतं तसे ते थोडे सैल होतात.